दोनच बोल्ट

बसा. चहा ठेवलाय. तोवर माझा हा उजवा हात बघून घ्या. मनगटाच्या चार बोटं वर हा जो आडवा ओरखडा दिसतोय, तो मांजराचा नाही. मांजर आम्ही पाळत नाही. बोटांच्या पेरांवरची सालं निघालीत, तीही मारामारीत नाही. म्हणजे मारामारी होती, पण एकतर्फी. समोरच्या पक्षाने अडीच दिवसांत एक शब्द काढला नाही, जागचा हलला नाही, आणि माझ्या मते त्याचा सगळा डाव तोच होता.

समोरचा पक्ष म्हणजे आमच्या गाडीच्या स्टार्टरचा वरचा बोल्ट. चौदाचा. म्हणजे चौदा नंबरचा पाना लागतो तो. वजन फार तर दोन पेढ्यांएवढं.

प्रकरणाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. गाडी बारा वर्षांची, छोटी, पांढरी. कंपनीचं नाव काढत नाही, मला कुणाची बदनामी करायची नाही. श्रावणात एके दिवशी किल्ली फिरवली तर गाडी नुसतं ‘टक्’ म्हणाली. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, बॅटरी ठणठणीत, फक्त इंजिन फिरायला राजी नाही. मग खालून लांब टॉमी घालून स्टार्टरच्या अंगावर दोनदा ठोकलं की व्हायची चालू. पुन्हा दोन दिवसांनी ‘टक्’. स्टार्टरच्या पोटातले कार्बनचे ब्रश झिजले की असं होतं. ठोकल्यावर ते तेवढ्यापुरते जागेवर टेकतात. ज्यांनी एखाद्या कचेरीत स्वतःची फाईल पुढे सरकवून घेतली आहे, त्यांना हे तंत्र नव्याने सांगायला नको.

गॅरेजवाल्याने हिशोब दिला. कार्बन आणि बुश साडेचारशे, स्टार्टर उतरवणं-चढवणं बाराशे. मी विचारलं, ‘किती बोल्ट असतात हो त्याला?’

‘दोनच.’

दोन बोल्टांना बाराशे. एका बोल्टाला सहाशे. माझ्यासारख्या माणसाला हा भागाकार करता येतो, ही माझ्या आयुष्यातली मोठी अडचण आहे. ‘दोनच’ म्हणताना तो किंचित हसला होता, हे मला नंतर आठवलं. साधारण शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास, गाडीखाली उताणा पडलेलो असताना.

पण मी काही असाच उठून पाना घेऊन धावलो नाही. आधी रीतसर अभ्यास केला. एका मित्राकडून गाडीचं दुरुस्तीपुस्तक मिळवलं. त्यात स्टार्टर काढण्याची कृती तीन पायऱ्यांत दिलेली आहे. पायरी १: बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. पायरी २: स्टार्टरचे दोन बोल्ट काढा. पायरी ३: स्टार्टर काढा. खाली एक ओळ: जोडणी याच्या उलट क्रमाने करावी. आता ज्याने ही दुसरी पायरी लिहिली, त्याला महाभारत लिहायला दिलं असतं तर त्याने तेही तीन पायऱ्यांत उरकलं असतं. पायरी १: द्यूत खेळा. पायरी २: युद्ध करा. पायरी ३: स्वर्गाकडे चालू लागा. आणि खाली एक ओळ.

शनिवारी सकाळी साडेनऊला सोसायटीच्या पार्किंगमध्ये कामाला सुरुवात केली. जॅक लावला, स्टँड लावले, खाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरला. खालचा बोल्ट चार मिनिटांत निघाला. मी तो तळहातावर घेऊन जरा वेळ बघत बसलो. सहाशे रुपये चार मिनिटांत. वर जाऊन बायकोला सांगितलंसुद्धा, की अकरापर्यंत होईल, मग आपण बाहेर जेवायला जाऊ. तिने कपाटातून साडी काढली. या सगळ्या प्रकरणात एवढा एकच पुरावा माझ्याविरुद्ध आहे, आणि तो ती अजून सादर करते.

खालचा बोल्ट हा आमिष आहे, हे आता मला कळतं. तो मुद्दाम समोर ठेवलेला असतो. उजेडात, हाताशी, मऊसूत. तो निघाला नाही तर माणूस तिथेच हात टेकून गॅरेजला फोन लावेल. तो निघतो, म्हणून माणूस अडकतो.

वरच्या बोल्टाची स्थळपाहणी केली. सदर बोल्टाच्या चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस गिअरबॉक्स, पश्चिमेस इंजिनाचा ब्लॉक, दक्षिणेस ड्रायव्हरच्या पायापुढचा पत्रा, उत्तरेस खुद्द स्टार्टर, आणि वरच्या अंगास मॅनिफोल्ड, त्याला चिकटून जाणारे दोन रबरी पाईप व एक पत्र्याची पट्टी, जिचा उपयोग ती पट्टी तिथे असणं हाच दिसतो. येण्याजाण्यास वहिवाटीचा रस्ता नाही. अशी जमीन कुणी फुकट दिली तरी आपण घेणार नाही, आणि इथे एका बोल्टाने तीत बारा वर्षं संसार केलाय.

त्या जागेचा एक नियम आहे. तिथे हात गेला तर नजर जात नाही, आणि नजर गेली तर हात जात नाही. दोघांना एका वेळी परवानगी नाही. वरून वाकून, बरगड्या पुढच्या पत्र्यावर टेकवून, मान डावीकडे पिळून, मोबाईलचा उजेड दातांत धरून पाहिलं तर बोल्टाच्या डोक्याचा एक कोपरा दिसतो. चंद्रकोरीसारखा. आनंद होतो. मग त्या फटीत हात घातला की हाताने चंद्राला ग्रहण लागतं. हात काढला की बोल्ट पुन्हा हजर.

यावर उपाय म्हणून बायकोचा पावडरच्या डबीतला आरसा आणला. तिची लेखी परवानगी नव्हती, हे कबूल करतो. आरसा आत सरकवला आणि बोल्ट अख्खा दिसला, सहाच्या सहा कोपरे. डावीकडे फिरवला की सैल, उजवीकडे फिरवला की घट्ट, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मी आरशात बघून पाना डावीकडे रेटायला लागलो. जोर लावला, श्वास रोखला, देवाचं नाव घेतलं. वीस मिनिटांनी बोल्ट जरासा हलला. कधी नव्हे इतकं बरं वाटलं. मग लक्षात आलं की आरशात डावं ते उजवं दिसतं. वीस मिनिटं मी तो बोल्ट आणखी घट्ट करत होतो. बारा वर्षांपूर्वी कारखान्यात राहून गेलेलं काम मी स्वखर्चाने पूर्ण करून दिलं.

दुपारी बोहरी आळीत गेलो. तुम्ही पुण्याचे असाल तर तुम्हाला माहीत आहे, रविवार पेठेतल्या त्या गल्ल्यांत माणूस एक खिळा घ्यायला जातो आणि पिशवी भरून येतो. माझ्याकडे रॅचेट होता, गोट्यांचा सेट होता. पण बोल्टाचं डोकं आणि ती निरुपयोगी पट्टी यांच्यात जेमतेम दोन बोटं जागा. गोटी एकटी बसते; गोटीवर रॅचेट चढवला की बसत नाही. म्हणजे टोपी डोक्यावर येते, पण टोपी घालून दारातून आत जाता येत नाही. म्हणून एक लांब एक्स्टेन्शन घेतलं, एक आखूड घेतलं, मान वेळावणारा युनिव्हर्सल जॉइंट घेतला, बुटका पाना घेतला, टोकाला चुंबक असलेली लांबवता येणारी कांडी घेतली. दुकानदाराने विचारलं, ‘गॅरेज टाकलंय का?’ एकूण १,८६० रुपये. इथे तुम्ही बाराशेची आठवण काढणार असाल तर कृपया काढू नका. ती हत्यारं कायमची आहेत. बाराशे रुपये हा खर्च असतो, १,८६० ही गुंतवणूक आहे.

युनिव्हर्सल जॉइंटबद्दल दोन शब्द. हा जोड सगळ्या दिशांनी वाकतो, हाच त्याचा गुण, आणि नेमक्या क्षणी सगळ्या दिशांनी वाकतो, हाच अवगुण. असे लोक आपल्या नात्यातही असतात.

अखेर उरला साधा फिक्स पाना. फिक्स पान्याचं तोंड दांड्याच्या सरळ रेषेत नसतं, जरा तिरकं असतं, बघितलंय का तुम्ही? मी पन्नास वर्षांत बघितलं नव्हतं. मला वाटायचं, घडवताना चुकलंय. ते मुद्दाम १५ अंशांत तिरकं केलेलं असतं. अडचणीच्या जागी एकदा सुलटा लावायचा, ओढायचा, मग पालथा करून लावायचा, पुन्हा ओढायचा. असं केलं की ३० अंश जागा असली तरी काम भागतं. ज्याने हे शोधलं तो नक्की कधीतरी माझ्यासारखा उताणा पडला असणार. आता गणित करा. पूर्ण फेऱ्याचे ३६० अंश, एका खेपेला ३०, म्हणजे एका फेऱ्याला बारा खेपा. एका फेऱ्यात बोल्ट बाहेर येणार सव्वा मिलिमीटर. आटे धरून बसलेत तीस मिलिमीटर. म्हणजे चोवीस फेरे. चोवीस गुणिले बारा, २८८. दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा पाना काढायचा, पालथा करायचा, न बघता पुन्हा लावायचा. एका खेपेला पंधरा सेकंद धरली तर एक तास बारा मिनिटं. तेही बोल्टाने सहकार्य केलं तर. हे गणित मी पुठ्ठ्यावर पडल्यापडल्या पुठ्ठ्यावरच मांडलं. पुठ्ठा जपून ठेवलाय, नंतर दाखवतो.

बोल्टाने सहकार्य केलं नाही. बोल्ट पोलादाचा, गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू, मधे पावसाळ्याची ओल. बारा पावसाळ्यांत त्या दोघांत पांढरी पूड धरते आणि ते एकमेकांना सोडत नाहीत. त्यावर फवारायचं तेल आहे, डब्ल्यूडी-४०. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोच्या काही माणसांनी पाणी हटवणारं मिश्रण बनवायला घेतलं, ते चाळिसाव्या प्रयत्नात जमलं, म्हणून नावात ४०. ही गोष्ट वाचून मला धीर आला, कारण मी तेव्हा सातव्या प्रयत्नात होतो. फवारा मारला. मॅनिफोल्डवर पडला, पाईपवर पडला, पट्टीवर पडला, माझ्या चष्म्यावर पडला. आमच्या गाडीत आज गंज लागू शकेल अशी एकही जागा उरलेली नाही, एक सोडून.

तेव्हा मला वडिलांची आठवण आली. आमच्या वडिलांकडे पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. १०८९ सीसीचं इंजिन, गाडीच्या लांबीत उभं बसवलेलं, ताकद मागच्या चाकांना. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही अंगांनी खालचा रस्ता दिसायचा. वडील एका बाजूला पाने मांडून ठेवायचे आणि दुसऱ्या बाजूला चहाची कपबशी. ती गाडी दर महिन्याला बंद पडायची, हे खरं. पण बंद पडल्यावर माणसाला आत जायला जागा द्यायची. ही एक प्रकारची सभ्यता होती.

मग इंजिन आडवं झालं. याची हकिगत इंग्लंडची आहे. १९५६ साली सुएझ कालव्याचा तंटा झाला, ब्रिटनमध्ये पेट्रोलवर रेशनिंग आलं, आणि कमी पेट्रोल पिणारी छोटी गाडी हवी अशी निकड निघाली. ॲलेक इसिगोनिस नावाच्या अभियंत्याने १९५९ साली मिनी आणली. लांबी सुमारे दहा फूट, आणि त्यातली ८० टक्के जागा माणसांना आणि सामानाला. हे साधलं कसं? इंजिन आडवं फिरवून आणि गिअरबॉक्स त्याच्याच पोटाखाली ढकलून. त्या माणसाबद्दल माझी काही तक्रार नाही. आडवी इंजिनं आधीही होती, त्याने ती सगळ्यांच्या गळी उतरवली. आपल्याकडे १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिच्यातही आडवंच इंजिन होतं, आणि पुढे ते घरोघर पोचलं. हरकत नाही. पण माझा प्रश्न एवढाच आहे, की ८० टक्के जागा माणसांना मिळाली तर उरलेल्या २० टक्क्यांत कोण कोण राहतं, याचा सर्व्हे कुणी केला का? इंजिन आडवं झालं की त्याची एक बाजू तुमच्याकडे तोंड करते आणि दुसरी कायमची भिंतीकडे. जे जे भिंतीकडे गेलं, ते अज्ञातवासात गेलं. स्टार्टर भिंतीकडे गेला.

आणि आता मूळ मुद्दा. रविवारी सकाळी पुठ्ठ्यावर पडलेलो असताना हा विचार आला आणि मी ताडकन उठलो, तेव्हाचं हे कपाळावरचं टेंगूळ. हा बोल्ट मुळात आवळला कुणी, आणि कसा? इतक्या अडचणीत त्याचा हात कसा गेला?

तर त्याचा हात अडचणीत गेलाच नाही. कारखान्यात इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेर जोडतात. मोकळ्या जागेत, कमरेच्या उंचीवर, चारी बाजूंनी उजेड. स्टार्टर तिथेच बसतो. तिथला माणूस हवेवर चालणारा पाना लावतो, ‘टर्र’ असा आवाज होतो, दोन सेकंदांत बोल्ट बसतो. मग ते तयार इंजिन खालून उचलून गाडीच्या सांगाड्यात बसवतात. मोटारींच्या कारखान्यांत या प्रसंगाला काय म्हणतात, सांगू? मॅरेज. लग्न. जर्मन कारखान्यांतही लग्नच म्हणतात. मी हे वाचलं आणि बराच वेळ गप्प बसलो. म्हणजे लग्नाआधी तो बोल्ट दिसायला मोकळा होता, भेटायला मोकळा होता. लग्न लागलं, सांगाडा खाली आला, आणि तो सासरच्या माजघरात गेला. त्यानंतर त्याला कुणी पाहिलं नाही. ज्याने तो आवळला त्याला या घटनेची कल्पना नाही. तो दुसऱ्या इंजिनाकडे वळला. त्याला मी दोष देत नाही. त्याने त्याचं काम चोख केलं, जरा जास्तच चोख केलं. पण कागदावर रेघ ओढणाऱ्या माणसाने ती ओढताना एकदा, फक्त एकदा, स्वतःचा हात समोर धरून बघायला काय हरकत होती? माणसाच्या हाताला कोपर एकच असतं. ही माहिती गुप्त नाही.

या अडीच दिवसांत पार्किंगमध्ये जे लोक येऊन गेले त्यांची यादी मी देत नाही. सोसायटीत माझं येणंजाणं आहे. सेक्रेटरी आले आणि ‘पार्किंगच्या जागेत दुरुस्तीची कामे करू नयेत’ हा २०१७ सालचा ठराव मला तोंडी वाचून दाखवला. मी त्यांना गाडीखालूनच उत्तर दिलं, की काम होतच नाहीये, त्यामुळे ठरावाचा भंग झालेला नाही. ते यावर विचार करत निघून गेले. तिसऱ्या मजल्यावरचे नाना एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. ते खुर्ची घेऊनच आले. त्यांनी एकदा वाकून बघितलं आणि म्हणाले, ‘इंजिन उतरवा.’ एका बोल्टासाठी इंजिन उतरवायचं? ‘मग बोल्ट कसा दिसणार?’ नानांकडे प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर आहे. मागे त्यांच्या गीझरचा पायलट दिवा गेला होता, तेव्हा त्यांनी बाथरूम उतरवली होती.

आमची धाकटी चौथीत आहे. ती रविवारी दुपारी आली, गाडीखाली सरकली आणि मला कळायच्या आत हात घालून म्हणाली, ‘बाबा, हा का? ह्याला हात लागतोय की!’ लागणारच. तिचा हात केवढा, माझा केवढा. मी म्हटलं, ‘बरं, आता पाना धर.’ तिला पाना उचलेना. म्हणजे परिस्थिती अशी: ज्याच्यात जोर आहे त्याचा हात जात नाही, आणि जिचा हात जातो तिच्यात जोर नाही. गाडी बनवणाऱ्यांनी बहुधा चौथीतला पैलवान गृहीत धरलेला आहे. ती हात धुवायला वर गेली आणि आईला म्हणाली, ‘सोप्पं आहे, बाबांना जमत नाहीये.’ हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

संध्याकाळी चौदाची गोटी हातातून सुटली. आता वस्तू सुटली की खाली पडते, एवढं तरी आपण धरून चालतो. न्यूटनने आम्हाला तसं लेखी दिलेलं आहे. गोटी टण्ण झाली, टिंग झाली, एकदा दूरवर कुठेतरी ठप् झाली, आणि नंतर शांतता. पुठ्ठ्यावर काही नाही. जमिनीवर काही नाही. इंजिनाखाली चिखलाचा पत्रा असतो, तिरके खाचखळगे असतात, कुठल्या तरी अदृश्य कट्ट्यावर ती जाऊन बसली. चुंबकाची कांडी काढली. चुंबक हा प्रामाणिक असतो, पण त्याला भेदभाव कळत नाही. वाटेत जे जे लोखंड भेटेल त्याच्या तो गळ्यात पडतो. मी कांडी आत घातली की ती आधी ब्रॅकेटला चिकटे, मग पट्टीला, मग खुद्द बोल्टाला. बोल्टाला ती इतक्या आपुलकीने चिकटली, की त्या दोघांची आधीची ओळख असावी असं वाटलं.

रात्री आठला फिक्स पाना घसरला आणि बोल्टाचे कोपरे मारले गेले. सहा कोपऱ्यांचा बोल्ट जवळजवळ गोल झाला. माझ्या बोटांची सालं गेली तीही तेव्हाच, पट्टीवर आपटून. त्या पट्टीचा उपयोग मला तेव्हा कळला.

सोमवारी कचेरीत अर्धा दिवस रजा टाकली आणि गॅरेजवाल्याला बोलावलं. रजेच्या अर्जात कारण लिहिलं, ‘कौटुंबिक’. तो आला तो मोपेडवर, हातात एकच पाना घेऊन. पेटी नाही, आरसा नाही, चुंबक नाही. एकच रिंग पाना, पण काय सांगू तुम्हाला, त्याची मान दोनदा मोडलेली. कधीतरी गॅसवर लाल करून एकदा डावीकडे, एकदा वर, अशी वाकवलेली. वरती वेल्डिंग मारून एक तुकडा जोडलेला. बिनओळखीच्या माणसाला रस्त्यात सापडला असता तर त्याने भंगारात घातला असता.

तो पुठ्ठ्यावर झोपला. माझं गणित वाचलं बहुधा, कारण एकदा हसल्याचा आवाज आला. हात आत घातला आणि नजर मात्र बाहेर, नानांकडे. त्यांच्याशी पावसाबद्दल बोलत होता. बोल्टाकडे त्याने एकदाही बघितलं नाही. ‘यंदा खडकवासला लवकर भरलं, नाही?’ असं म्हणाला, आणि आत काहीतरी ‘कट्’ झालं. चार मिनिटांत बोल्ट तळहातावर. मी तो मागितला. उचलून धरला. अडीच दिवसांनी समोरासमोर भेट झाली. दिसायला काही विशेष नव्हता.

स्टार्टर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाऊन आला, कार्बन बदलले, बुश बदलले, नवा बोल्ट लागला, संध्याकाळी गाडी जोडून झाली. बिल १,६५० अधिक बोल्टाचे तीस. मी म्हटलं, ‘अहो, खालचा बोल्ट मी काढून ठेवला होता. त्याचे सहाशे कमी करा.’

‘काका,’ तो म्हणाला, ‘खालचा तर सगळेच काढतात.’

मग मी तो पाना मागितला. विकत. दोनशे म्हटलं, तीनशे म्हटलं, पाचशेपर्यंत गेलो. त्याने पाना कापडाला पुसला आणि खिशात घातला. वडिलांनी वाकवलेला आहे म्हणाला, या मॉडेलची पहिली गाडी गॅरेजमध्ये आली तेव्हा. म्हणजे लक्षात घ्या. गाडी बाजारात आली, लागलीच कुणीतरी तिच्यासाठी पाना वाकवला, आणि या गोष्टीची नोंद दुरुस्तीपुस्तकात नाही, कंपनीत नाही, कुठेच नाही. ती फक्त एका खिशात आहे. तिसरी पायरी करायला मी मोकळा होतो. दुसरी एका कुटुंबाची वडिलोपार्जित मालमत्ता निघाली.

गेल्या बुधवारी जुन्या बाजारातून चौदाचा एक रिंग पाना साठ रुपयांना आणला आणि कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून वाकवून घेतला. एकदा डावीकडे, एकदा वर, मी स्वतः समोर उभं राहून. पुठ्ठ्यावर त्या पान्याचं चित्र आठवणीने काढून नेलं होतं. बाल्कनीत खिळ्याला अडकवून ठेवलाय, तो बघा. बायको त्याला काय म्हणते ते सांगत नाही.

आता वाट बघतोय. रोज सकाळी खाली उतरतो, किल्ली लावतो, मनाची तयारी करतो, फिरवतो. आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू होते. रोज. बारा वर्षांत कधी इतकी चांगली वागली नव्हती. गोटी तेवढी आत कुठेतरी आहे अजून. स्पीडब्रेकरवरून गेलो की वाजते.